चाकांचा दुसरा जोड लावला की ब्रेक घासतो: कॅलिपर सोडवत बसू नका

शनिवारी रात्री २९ इंची चाकं काढून २७.५ ची लावली. रविवारी पहाटे साडेपाचला सायकल बाहेर काढली, तर मागून सलग स्सर्र असा आवाज. मग पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली उकिडवं बसायचं, कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट ढिले करायचे, ब्रेकची लिव्हर दाबून धरायची, बोल्ट आवळायचे. आवाज जातो. संध्याकाळी घरी येऊन २९ ची चाकं परत चढवली की तोच आवाज पुन्हा हजर. फरक इतकाच, की आता रोटर, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, दुसऱ्या बाजूच्या पॅडला घासत असतो.

माझ्याकडे हे वर्षभर चाललं. दरवेळी अर्धा तास, दरवेळी काळे हात, आणि एकदा घाईत कॅलिपरच्या बोल्टचं डोकं गोल झालं ते वेगळंच. एकाच माउंटन बाइकवर दोन मापांची चाकं आलटून पालटून वापरणाऱ्या बहुतेकांना हा त्रास होतो. बरेच जण कंटाळून दुसरा जोड गॅलरीत टांगून ठेवतात आणि विसरून जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण उपाय खरोखर साधा आहे. कॅलिपर चाकाला जुळवायचा नाही, दोन्ही चाकं एकमेकांना जुळवून घ्यायची. एक संध्याकाळ त्यात घातली की पुढे चाकं बदलणं पाच-सात मिनिटांचं काम होतं आणि कॅलिपरला हातही लावावा लागत नाही.

खाली जे लिहिलंय ते ज्या सायकलवर केलं ती अशी: ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, पुढे १२० मिलिमीटर दबणारा फोर्क, एक्सल बूस्ट मापाचे, म्हणजे पुढे ११० आणि मागे १४८ मिलिमीटर, पेडलजवळची दातेरी चकती (चेनरिंग) एक आणि मागे १२ गिअर. पानशेतच्या बाजूला डांबरी आणि कच्चा रस्ता मिळून लांब जायचं असेल तेव्हा २९ × २.२५ (दुसरा आकडा टायरच्या रुंदीचा, इंचांत). पावसाळा सरल्यावर टेकड्यांवरच्या वाटांवर गोट्यांसारखे सुटे दगड उघडे पडतात, तेव्हा २७.५ × २.८. माझं वजन ७२ किलो. पहिल्या जोडात मागच्या चाकात २२ पीएसआय हवा ठेवतो, दुसऱ्यात १५. त्या जाड टायरमध्ये इतकी कमी हवा ठेवता येते म्हणूनच हा सगळा खटाटोप. सुट्या दगडांवरून उतरताना सायकल जी धरून राहते, तो भरवसा बारीक टायर देत नाही.

आधी आवाज ओळखा

सायकल स्टँडवर घ्या, नाहीतर कुणाला तरी सीट धरून मागचं चाक उचलायला सांगा. चाक हाताने सावकाश फिरवा आणि ऐका.

एका फेऱ्यात एकदाच स्स् असा आवाज येऊन मधे शांत होत असेल तर रोटर वाकडा आहे. त्याला पुढे सांगितलेली शिम, कॅलिपर, काही उपयोगाचं नाही. रोटरचा तो भाग खुणेने धरून, स्वच्छ पान्याने किंवा रोटर सरळ करायच्या खाचेच्या पट्टीने, अगदी थोडा थोडा वाकवून सरळ करायचा. रिमची जशी ‘आउट काढतात’ तशीच ही रोटरची आउट.

आवाज सलग येत असेल, चाक एका जागी न अडकता सगळीकडे सारखं जड फिरत असेल, आणि चाकांचा जोड बदलल्यावरच हे सुरू होत असेल, तर तुमची अडचण माझीच. पुढे वाचा.

चाकाच्या मापाचा यात दोष नाही

पहिला गैरसमज हाच असतो की चाक लहान झालं म्हणून ब्रेक घासतो. रिम ब्रेकच्या काळात तसं झालंही असतं. २९ च्या रिमची टायर बसते ती कड ६२२ मिलिमीटर व्यासाची असते आणि २७.५ ची ५८४. म्हणजे ब्रेकचे रबरी गुटके रिमपासून १९ मिलिमीटर वर राहिले असते आणि सायकल थांबलीच नसती. डिस्क ब्रेक आले आणि हे बंधन सुटलं, कारण रोटर हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसतो. रोटरला बाहेर केवढी रिम आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. १८० मिलिमीटरचा रोटर दोन्ही जोडांवर १८० चाच.

खरा फरक हबमध्ये असतो. रोटर जिथे बसतो ती हबची सपाटी एक्सलच्या टोकापासून किती आत असावी याचं माप ठरलेलं आहे, पण प्रत्येक कंपनीच्या हबमध्ये ते एक-दोन दशांश मिलिमीटर इकडे तिकडे होतं. माझा २९ चा जोड सायकलसोबत आलेला, २७.५ चा नंतर वेगळ्या हबवर बांधून घेतलेला. दोन्ही हब आपापल्या जागी निर्दोष. पण हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड आणि रोटर यांच्यात एका बाजूला जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असते. तिथे ०.४ चा फरक पडला की रोटर पॅडवर रेललाच.

दोन्ही जोडांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हब घेणं हा सगळ्यात चांगला उपाय. दुसरा जोड अजून घ्यायचा असेल तर हे आत्ताच ठरवा, पुढचं निम्मं वाचावं लागणार नाही. माझ्यासारखा घेऊन झाला असेल तर शिम.

कागदाच्या पट्ट्या आणि शिम

शिम म्हणजे हब आणि रोटर यांच्या मधे घालायची पातळ चकती, कागदी वायसरसारखी, पण धातूची. सहा बोल्टच्या रोटरसाठी सहा भोकं असलेली अखंड चकती मिळते, बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीची. सेंटर लॉक, म्हणजे मधल्या एकाच रिंगने आवळायच्या, रोटरसाठी खाचांवरून सरकवायची वेगळी चकती येते. चहाच्या टपरीवरचा थंड पेयाचा डबा कापून सहा वेगवेगळे वायसर करायचा मोह होतो, तो टाळा. सहातला एक जरी दुमडला तरी रोटर तिरका बसतो, आणि मग सलग आवाजाच्या जोडीला एका फेऱ्यातला तो एक आवाजही मागे लागतो.

एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण माझी पहिली संध्याकाळ हिच्यामुळेच वाया गेली. शिम घातल्यावर रोटर फक्त बाहेर सरकतो, म्हणजे तारांपासून लांब. आत कधीच जात नाही. म्हणून ज्या चाकाचा रोटर जास्त बाहेर आहे ते चाक प्रमाण धरायचं आणि दुसऱ्याला शिम घालून त्याच्या रांगेत आणायचं.

कोणतं चाक प्रमाण, हे असं कळतं. कुठलंही एक चाक लावा, एक्सल नेहमीच्या ताकदीने आवळा, कॅलिपर नीट मधोमध करा. इथून पुढे कॅलिपरला हात नाही. आता दुसरं चाक लावा. कॅलिपरच्या मागे जमिनीवर पांढरा कागद ठेवा, वरून मोबाइलचा टॉर्च मारा आणि फटीतून बघा. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या रेघा दिसल्या पाहिजेत. तारांकडची रेघ बारीक किंवा नाहीशी झाली असेल तर या दुसऱ्या चाकाला शिम हवी. बाहेरची रेघ नाहीशी झाली असेल तर हेच चाक प्रमाण. कॅलिपर याच्यावर मधोमध करून घ्या आणि शिम पहिल्याला घाला.

किती घालायची? फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांचा संच, असेल तर उत्तम. माझ्याकडे नव्हता. मी झेरॉक्सचा साधा ८० जीएसएम कागद वापरला. ५०० कागदांचा गठ्ठा साधारण ५ सेंटीमीटर उंच भरतो, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, हात साबणाने धुतले (तेलकट बोट पॅडला लागलं तर पॅड गेला असंच समजा) आणि पॅड-रोटरच्या फटीत पट्ट्या एकावर एक घालून मोजल्या. प्रमाण चाकावर दोन्ही बाजूंना तीन-तीन. २७.५ च्या मागच्या चाकावर आत एकही पट्टी जाईना, बाहेर सहा. एक ०.२ ची शिम घातली: आत एक, बाहेर पाच. दुसरी घातली: तीन आणि तीन. चाक फिरवलं आणि आवाज नाही. फक्त फ्रीहबची टिकटिक. वर्षभराने ते ऐकताना जे वाटलं ते सांगता येणार नाही.

पुढच्या चाकाला एकच शिम लागली.

सहा बोल्टचे रोटर टी-२५ चावीने निघतात. परत लावताना सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जा. शिमानो ही ब्रेक बनवणारी कंपनी आपल्या रोटरसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) सांगते, स्रॅम ही दुसरी कंपनी ६.२. ज्याचा रोटर त्याचा आकडा पाळा. आटे ॲल्युमिनियमचे असतात, एकदा गेले की हबच गेला. बोल्टच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकचा थेंब पुरे. सेंटर लॉकची रिंग मात्र ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

दोनपेक्षा जास्त शिम लागताहेत असं दिसलं तर थांबा आणि कारण शोधा. बहुतेकदा हबच्या टोकाची टोपी पूर्ण आत बसलेली नसते. ती नुसती दाबून बसवायची असते आणि चाक काढता-घालता अर्धवट सुटते. हाताने दाबा, टक् आवाज येऊन बसते. दुसरं कारण मोठं आहे: १४२ चा जुना हब किट लावून १४८ च्या फ्रेममध्ये बसवलाय. तिथे रोटर काही मिलिमीटरने चुकतो. त्याला शिमची थप्पी नाही, किटसोबत येणारा रोटरचा स्पेसर आणि लांब बोल्टच लागतात.

जुळवलं, तरी कधीकधी घासतोच

दोन महिने शांततेत गेले आणि एका रविवारी परत आवाज. माझ्या पोटात गोळा आला. चाक काढलं, तर मागच्या ड्रॉपआउटच्या, म्हणजे फ्रेममधल्या एक्सलच्या खोबणीच्या, आतल्या सपाटीवर लाल मातीत रुतलेला वाळूचा एक कण. तेवढ्याने चाक बारीकसं तिरकं बसलं होतं. तेव्हापासून चाक चढवायच्या आधी ड्रॉपआउटच्या आतल्या दोन सपाट्या आणि हबची दोन टोकं कोरड्या फडक्याने पुसतोच. दहा सेकंदांचं काम आहे. एक्सलही दरवेळी त्याच्यावर लिहिलेल्या टॉर्कलाच आवळा. एकदा ढिला, एकदा घट्ट असं केलं तरी रोटरची जागा किंचित बदलते.

दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. रोटरची जाडी. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ झाला की बदलायचा, तसं रोटरवरच कोरलेलं असतं. जास्त वापरातल्या जोडाचा रोटर झिजून १.६ झाला की कॅलिपरमधले, पॅड ढकलणारे पिस्टन हळूहळू पुढे येऊन त्या जाडीला सरावतात. मग कमी वापरातलं चाक त्याच्या १.८ च्या रोटरसकट घातलं की दोन्ही बाजूंनी पकडतं. इथे रोटर मधोमध असूनही घासतो, म्हणून माणूस चक्रावतो. व्हर्नियरने दोन्ही रोटर मोजा. फरक ०.२ च्या आसपास गेला असेल तर झिजलेला बदलून टाका. तोवर तात्पुरतं म्हणून पॅड काढून पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हलके मागे ढकला. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टन सिरॅमिकचे असतील तर टवका उडतो.

आवाज घासण्याचा नसून ब्रेक दाबल्यावर किंचाळण्याचा असेल तर तो वेगळा विषय. पॅडवरचा मसाला एका रोटरवर बसलेला असतो आणि दुसरा रोटर त्याला परका. दोन्ही जोडांवर एकाच मॉडेलचे, एकाच व्यासाचे रोटर ठेवा आणि नवा रोटर घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर २० ते ३० वेळा, वेग चांगला घेऊन, पायी चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक लावत आणा, पण चाक पूर्ण थांबू देऊ नका. एका जोडावर १६० आणि दुसऱ्यावर १८० असं तर करूच नका. दरवेळी कॅलिपरखालचा अडॅप्टर बदलावा लागेल आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ.

गिअर

ब्रेक जुळला की गिअर कुरकुरतात, कारण हब वेगळा म्हणजे कॅसेटची (मागच्या गिअरच्या चकत्यांच्या संचाची) जागाही केसभर वेगळी. १२ गिअरमध्ये चकत्या इतक्या जवळ असतात की तेवढा फरक चेनला कळतो: मधल्या गिअरवर खडखड, किंवा वरच्या चकतीवर चढायला आढेवेढे.

पहिली अट, दोन्ही चाकांवर एकाच मॉडेलची कॅसेट. एकीवर ११-४२ आणि दुसरीवर १०-५१ (सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीचे दात) असेल तर चेनची लांबी, डिरेलरचं (चेन चकत्यांवर सरकवणाऱ्या भागाचं) अंतर, सगळंच बदलतं आणि एका सेटिंगमध्ये दोन्ही कधीच नीट चालणार नाहीत. शिवाय १०-५१ ला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर चढते तो हबचा भाग) लागतो, जुन्या एचजी प्रकारावर ती चढतच नाही. दुसरा जोड घेताना हे विचारून घ्या.

कॅसेट सारख्या असतील तर उरलेला फरक शिफ्टरजवळच्या बॅरल ॲडजस्टरने, म्हणजे केबलचा ताण बदलणाऱ्या फिरकीने, निघतो. माझ्या २७.५ च्या जोडाला दोन क्लिक बाहेर लागतात, २९ ला परत दोन क्लिक आत. बस. अंदाजाने फिरवत राहू नका, मोजून फिरवा. डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणारा लिमिट स्क्रू मात्र दोन्ही चाकांवर तपासा. सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन ठेवून डिरेलर हाताने तारांकडे ढकलून पाहा. एकावर तो जागच्या जागी अडतो आणि दुसऱ्यावर तारांच्या दिशेने आणखी सरकतो असं दिसलं, तर ज्यावर जास्त सरकतो त्या चाकाप्रमाणे स्क्रू आवळा. चढावर चेन तारांत गेली तर चाक, डिरेलर आणि तो जिथे बसतो तो हँगर, तिन्हींचा निकाल लागतो.

चेनची गोष्ट सावकाश डोकं वर काढते. चेन एक, कॅसेट दोन. जो जोड रोज वापरता त्याची कॅसेट चेनबरोबर झिजते आणि दोघांचं जमून जातं. महिन्या-दोन महिन्यांनी कमी वापरातली, नव्यासारखी कॅसेट लावली की ताणलेली चेन तिच्या दातांवर नीट बसत नाही आणि चढावर जोर दिला की घसरते. लोक डिरेलर पिळत बसतात, आणि दोष चेनचा असतो. चेन तपासायचं माप विकत घ्या, स्वस्त असतं. ११ आणि १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, त्याहून कमी गिअरची ०.७५ ला. वेळेवर चेन बदलली तर दोन्ही कॅसेट वर्षानुवर्षं एका चेनवर चालतात. प्रत्येक जोडाला वेगळी चेन ठेवायचा विचार मीही केला होता, पण ११-१२ गिअरची चेन जोडायची क्विक लिंक बहुतेक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात. दर आठवड्याला नवी लिंक कोण आणणार?

माप बदलल्याने खरंच काय बदलतं

आता चाकाच्या मापाकडे येऊ, कारण ब्रेकचा दोष मापाला नसला तरी मापाचे स्वतःचे परिणाम आहेतच.

इंचांची नावं टायरसकट बाहेरच्या व्यासावरून पडली, म्हणून ती फसवतात. आजोबांची काळी २८ इंची रोडस्टर आठवते? तिची रिम ६३५ मिलिमीटरची, म्हणजे २९ च्या ६२२ पेक्षा मोठी. त्यामुळे इंच विसरा आणि टायरच्या कडेवर छापलेला ५७-६२२ किंवा ७१-५८४ असा आकडा वाचा. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. बाहेरचा व्यास म्हणजे रिम अधिक दोनदा रुंदी. ५७-६२२ चा ७३६, ७१-५८४ चा ७२६. त्रिज्येत फक्त ५ मिलिमीटरचा फरक. म्हणूनच २०१६ च्या आसपास कंपन्यांनी २९ आणि जाड २७.५ अशी दोन्ही चाकं बसणाऱ्या फ्रेम काढल्या.

पण त्याच फ्रेममध्ये २७.५ × २.२५ घातलं, ५७-५८४, तर व्यास ६९८ आणि सायकल १९ मिलिमीटर खाली. पेडल दगडांना लागायला लागतं. ‘सायकल तीच, वाट तीच, अचानक पेडल का आपटतंय?’ याचं उत्तर बहुधा हे असतं. २९ साठी बनवलेल्या फ्रेमला लहान चाकं घालायची तर टायर जाड घ्या, हे माझं ठाम मत आहे. १७५ ऐवजी १७० चा क्रँक घातला तर ५ मिलिमीटर परत मिळतात, पण १९ भरून निघत नाहीत.

उलटा प्रकार, २७.५ च्या फोर्कमध्ये २९ चं चाक, हा मात्र धोक्याचा. उभी सायकल बघून वाटतं, बसलं की! फोर्क पूर्ण दबला की टायर वरच्या क्राउनला, म्हणजे फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या भागाला, टेकतो, चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे. फोर्कमधली सगळी हवा सोडा, वजन टाकून तो पूर्ण खाली दाबा आणि टायर ते क्राउन अंतर मोजा. निदान ६ मिलिमीटर मोकळं पाहिजे. नसेल तर तो विचार सोडून द्या. मागे सस्पेन्शन असेल तर तिकडचीही हवा सोडून सीटच्या नळीपासूनचं अंतर बघा. जाड टायर आडवाही मोजा, चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकालगतच्या खालच्या दोन नळ्यांच्या, आत दोन्ही बाजूंना तेवढीच मोकळी जागा हवी. चिखल भरला की ती झपाट्याने संपते.

पुढे २९ आणि मागे २७.५ असंही चालतं. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही त्याला मुभा आहे. पण एकाच मापासाठी बनवलेल्या फ्रेमला मागे लहान चाक लावलं तर हँडलचा कोन साधारण एक अंशाने मागे झुकतो आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. फ्लिप चिप, म्हणजे उलटवून फ्रेमचा कोन थोडा बदलणारी चकती, असेल तर तिने सावरा. मला स्वतःला ते चढावर नाही आवडलं.

सायकल कॉम्प्युटरला सेन्सर असेल तर त्यालाही माप सांगावं लागतं. पार्किंगच्या फरशीवर खडूने खूण करा, व्हॉल्व्ह खाली आणा, सायकलवर बसून एक फेरा पुढे जा, परत खूण करा आणि टेपने मोजा. वजन टाकून मोजायचं, नाहीतर आकडा जास्त येतो. माझे आकडे आले २२८६ आणि २२४४. पन्नास किलोमीटरमागे जवळजवळ एक किलोमीटरचा फरक. हबला पट्ट्याने बांधायचा सेन्सर असेल तर प्रत्येक जोडाला आपला वेगळा असलेला बरा.

चाक बदलताना

सायकल उलटी करू नका. पंक्चरच्या दुकानात पाहून आपल्या सगळ्यांना ती सवय लागलेली असते, पण हायड्रॉलिक ब्रेकच्या टाकीत हवेचा बुडबुडा असेल तर तो उलट्या सायकलीत कॅलिपरकडे जातो आणि लिव्हर स्पंजसारखी मऊ लागते. तसं झालंच तर सायकल सरळ उभी करून लिव्हर बऱ्याच वेळा दाबत राहा, बहुतेकदा परत कडक होते.

चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, डिरेलरचा चेन ताठ धरणारा क्लच बंद करा, मग चाक काढा. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबायची नाही, घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. पॅडच्या मधे नव्या ब्रेकसोबत येणारी प्लास्टिकची पट्टी अडकवा. ती हरवली असेल तर जाड पुठ्ठ्याची घडी. नवं चाक घालताना सायकल जमिनीवर तिच्याच वजनाने उभी असू द्या, म्हणजे चाक खोबणीत सरळ बसतं, मग एक्सल आवळा.

काढलेला जोड ठेवताना रोटर खाली करून जमिनीवर ठेवू नका आणि एकावर एक रचू नका. मी जुन्या बनियनच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्यात, रोटरवर चढवून चाकं भिंतीवरच्या खुंटीला टांगतो. ट्यूबलेस असेल तर हवा थोडी तरी राहू द्या आणि आठवड्यातून एकदा येताजाता चाक अर्धा फेरा फिरवा, नाहीतर टायरमधलं, भोकं बुजवणारं सीलंट तळाशी साचून तिथेच वाळतं. पुण्याच्या उन्हाळ्यात माझं दोन-अडीच महिन्यांत संपतं, वापरलं नाही तरी. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक रिमवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलाय. सध्या मागच्या २७.५ वर लिहिलंय: शिम २, बॅरल २ बाहेर, रोटर १.७, हवा १५, सीलंट १० फेब्रुवारी.